दोन हिशेबांची पिढी : अकरावी मॅट्रिकचे वर्गमित्र आणि त्यांची स्मृती

महाराष्ट्रात १९७५ पर्यंत शालान्त परीक्षा, म्हणजे शालेय शिक्षण पुरे झाल्याची साक्ष देणारी परीक्षा, अकरावीच्या अखेरीस होत असे आणि लोकांच्या बोलण्यात तिला सर्रास ‘मॅट्रिक’ म्हटले जाई. मुंबई विद्यापीठाने १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा घेतली, तिच्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे होते, आणि तेव्हापासून मॅट्रिक हा शब्द मराठी घरांत नोकरी, लग्न आणि प्रतिष्ठा या तिन्ही व्यवहारांत चलनी नाण्यासारखा फिरू लागला. स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली, तिचे अधिकृत नाव एस.एस.सी. झाले, १९६६ च्या जानेवारीत महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. तरीही दारावरच्या पाटीपासून सोयरिकीच्या बोलणीपर्यंत मॅट्रिक आणि नॉनमॅट्रिक हेच शब्द टिकून राहिले. पुढे कोठारी शिक्षण आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींना धरून दहा, दोन आणि तीन वर्षांचा आकृतिबंध आला, तो १९७२ मध्ये आठवीत गेलेल्या मुलांपासून लागू झाला, आणि त्यामुळे १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची व नव्या दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसल्या. शाळेची अकरा आणि महाविद्यालयाची चार मिळून पूर्वीही पंधराच वर्षे होत होती. बदलला तो टप्पा, म्हणजे शाळा कोठे संपते आणि मोठेपण कोठे सुरू होते याची शिवेवरची खूण.

या अकरावी मॅट्रिकच्या पिढीत, ढोबळमानाने १९४० ते १९५८ या काळात जन्मलेल्या स्त्री-पुरुषांत, गेल्या दहा-पंधरा वर्षांत वर्गमित्रांच्या मेळाव्यांची मोठी लाट आलेली दिसते. या मेळाव्यांत जे बोलले जाते त्याची संभावना स्मरणरंजन, म्हणजे गतकाळ आठवण्यात रमणे, अशा एका शब्दात करण्याची अभ्यासकांना सवय लागलेली आहे. ही सवय सोडली पाहिजे. म्हातारपणी बालपण गोड वाटणे हे सर्वच पिढ्यांचे आहे, त्यात ऐतिहासिक असे काही नाही. परंतु ही पिढी ज्या गोष्टींसाठी हळहळते त्यांतील बऱ्याचशा गोष्टी म्हणजे शाळेने तिच्याकडून घोटून घेतलेल्या विद्या होत्या, आणि त्या विद्या तिच्या डोळ्यांदेखत, पुष्कळदा ती शाळेत असतानाच, निरुपयोगी ठरल्या. शिकलेले एक आणि जगताना लागलेले दुसरे, असा अनुभव इतक्या दाटीने आणि इतक्या कोवळ्या वयात आधीच्या कोणत्याही मराठी पिढीच्या वाट्याला आलेला नाही. म्हणून तिची हळहळ हे इतिहासाचे साधन आहे आणि ते साधन म्हणूनच तपासले पाहिजे.

वर्गमित्रांचा मेळावा ही प्रथा स्वतः फार जुनी नाही. शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन, ज्याला बोलीत गॅदरिंग म्हणत आणि ज्यात शेलापागोटे म्हणजे एकमेकांना उद्देशून लिहिलेल्या चिमटेवजा ओळी वाचून दाखवल्या जात, ते चालू विद्यार्थ्यांचे असे. शहरांतील जुन्या शाळांना माजी विद्यार्थी संघ होते, पण ते शाळेचे संघ होते, एखाद्या वर्षाच्या एखाद्या वर्गाचे नव्हेत. एकाच तुकडीने चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा एकत्र यावे ही कल्पना रुजायला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: मॅट्रिकच्या बळावर शिक्षक, तलाठी, बँक, टपाल खाते किंवा एस.टी. अशा कायम नोकऱ्यांत गेलेला मोठा वर्ग अठ्ठावन्न-साठीला मोकळा झाला, मुलांची लग्नेकार्ये आटोपली, आणि हातात मोबाइल आला. व्हॉट्सॲपवरचा गट आधी बनतो, त्यात गावात राहिलेला एखादा वर्गमित्र एकेकाचा नंबर शोधून घालत जातो, आणि वर्षभरात मेळावा ठरतो.

या मेळाव्याचा विधी आता महाराष्ट्रभर जवळजवळ एकसारखा झालेला आहे आणि त्याचा बारकाईने विचार करण्याजोगा आहे. शाळेची घंटा वाजवली जाते, प्रार्थना होते, दिवंगत शिक्षकांना व वर्गमित्रांना श्रद्धांजली वाहिली जाते, हयात असलेल्या एखाद्या शिक्षकांना शाल-श्रीफळ दिले जाते, आणि मग पुष्कळ ठिकाणी ते शिक्षक जुन्या पटावरून हजेरी घेतात. हजेरीपटावर आधी मुलगे आणि शेवटी मुली अशी रीत असे, आणि मुलींची नावे अर्थातच माहेरची असत. लग्नानंतर आडनाव बदललेले, काही घरांत नावही बदललेले, आणि नंतरचे सगळे आयुष्य वहिनी, काकू, आजी अशा नात्यांच्या हाकांत गेलेले. अशा स्त्रीला त्या दिवशी वडिलांच्या नावासह पूर्ण नावाने हाक मारली जाते आणि ती ‘हजर’ म्हणून उभी राहते. मेळाव्यांत डोळे भरून येण्याचा प्रसंग बहुधा हाच असतो, आणि तो भावविवशतेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण शाळेच्या कागदांखेरीज तिचे ते नाव लिहिलेला दुसरा कागद पुष्कळदा उरलेलाच नसतो.

शाळेच्या दुसऱ्या एका दप्तराचीही येथे नोंद केली पाहिजे. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचा अनुक्रमांक, जन्मतारीख, जात, पालकाचा धंदा आणि शाळा सोडल्याची तारीख लिहिण्याचे कायमचे पुस्तक. खेड्यांतल्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे. कोणी ‘मोठ्या पुराच्या साली’ म्हणे, कोणी ‘पोळ्याच्या पुढेमागे’ म्हणे. मग शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने वयाचा हिशेब बसावा म्हणून गुरुजी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. त्यामुळे या पिढीतील असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे आणि त्याच तारखेच्या आधाराने ती नोकरीत शिरली व निवृत्तही झाली. आज त्या तारखेला वर्गमित्रांच्या गटांत अर्ध्या वर्गाला शुभेच्छा दिल्या जातात, पण त्या विनोदामागे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक ठळक वस्तुस्थिती आहे: या मुलांचे वय प्रथम कोणी लिहिले असेल तर ते शाळेने.

या पिढीच्या आठवणींत सर्वांत पुढे येतात ते पाढे, आणि त्यांतही अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही त्यांची नावे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, एकाचा पाव, दोनांचा अर्धा, तिनांचे पाऊण, चारांचा एक. आणि औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातील मुलांना ओळीने बसवून हे पाढे, तिथी, वार, महिने आणि नक्षत्रे म्हणून घेत, त्याला परवचा म्हणत. नंतरच्या पिढ्यांना हे पाढे निव्वळ पाठांतराची सक्ती वाटतात, परंतु जुनी नाणी आणि जुनी मापे ध्यानात घेतली तर त्यांतील योजना स्पष्ट दिसते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. वजनात मणाचे ४० शेर, शेराचे १६ छटाक किंवा ८० तोळे. धान्य मापून देण्याच्या मापांत दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. यांची प्रमाणे गावोगाव थोडी बदलत, पण निम्म्याचे निम्मे करत जाण्याचे तत्त्व सर्वत्र एकच होते.

अशा व्यवस्थेत अपूर्णांकांचा पाढा हा तोंडी हिशेबाचा कणाच होता. शेराचे छटाक १६ आणि रुपयाचे आणेही १६, त्यामुळे जितक्या रुपयांना एक शेर तितक्या आण्यांना एक छटाक हे गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला एकाच वेळी कळे. मण ४० शेरांचा असल्याने जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर, आणि येथे अडीचकी कामाला येई. लिहिण्याची रीतही याच घडणीची होती: पूर्ण अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. कागद-पेन्सिलीशिवाय आठवडी बाजारात उभे राहून करायच्या व्यवहाराला यापेक्षा सोयीची पद्धत सुचवणे कठीण होते, आणि तिच्यात तयार झालेल्या माणसाची हिशेबातली चपळाई ही खरोखरीची चपळाई होती. ती आठवणीने फुगवलेली नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. दशमान म्हणजे दहाच्या पटीने चढणारी पद्धत. रुपयाचे १०० भाग झाले आणि जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून या भागाला ‘नया पैसा’ म्हटले गेले. हा ‘नया’ १९६४ च्या जूनमध्ये गळला. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे एकत्र चालू राहिली आणि त्या काळात एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे हा अडचणीचा हिशेब गावोगाव होऊन बसला. अधिकृत कोष्टकात अर्ध्यापर्यंतचा अपूर्णांक सोडायचा असा नियम असल्याने एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे होत. म्हणजे तीन आण्यांची वस्तू एकदम घेतली तर १९ पैसे पडत आणि एकेका आण्याची तीनदा घेतली तर १८ पैशांत काम होई. हा एका पैशाचा फरक शाळकरी मुलांच्या ध्यानात चटकन आला आणि तो त्यांना आजही पाठ आहे. चार आणे आणि आठ आणे हे मात्र २५ आणि ५० पैशांत बरोबर बसत असल्याने या नाण्यांची जुनी नावे टिकली, इतकी की ३० जून २०११ रोजी २५ पैशांचे नाणे चलनातून गेले तेव्हाही लोक ‘चार आणे बंद झाले’ असेच म्हणाले. वजनमापांचा बदल १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि १९६२ पर्यंत किलो, मीटर आणि लिटर सक्तीचे झाले. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा असल्याने तो किलोशी जुळणारा नव्हता, तरी पाव किलोला पावशेर म्हणण्याची सवय भाजीबाजारातून आजही गेलेली नाही.

या बदलाची गरज नाकारता येत नाही. ठिकठिकाणच्या शेर-पायलीत फरक होता, आणि त्या फरकाचा फायदा घेणारा मापाडी किंवा सावकार बहुधा अडाणी कुळालाच नाडत असे. एकच माप आले ते या अर्थाने न्यायाचे होते. परंतु तिसरी-चौथीपर्यंत छडीच्या धाकाने आणे-पै आणि मण-शेरांची उदाहरणे शिकलेल्या मुलाला पाचवीत ते सारे पुसून दशांश चिन्ह शिकावे लागले, ही गोष्ट कोणत्याही सरकारी अहवालाच्या नजरेतून सुटली असली तरी त्या मुलाच्या स्मृतीतून सुटलेली नाही. घरी आजोबांचा हिशेब एक, शाळेत गुरुजींचा दुसरा, आणि बाजारात दोन्ही, अशा तिठ्यावर ही मुले उभी होती. पुष्कळ घरांत नव्या पैशांचा हिशेब आईवडिलांना या मुलांनीच समजावून दिला, आणि मोठ्यांना शिकवण्याचा तो पहिला अनुभव या पिढीच्या आत्मविश्वासाचे एक मूळ मानावा लागेल.

मराठवाड्यातील मुलांना तर याहून एक पायरी जास्त चढावी लागली. निजामाच्या राज्यात हाली म्हणजे उस्मानिया सिक्का चालत असे आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कल्दार म्हणत. सात हालींना सहा कल्दार असा साधारण भाव होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतर काही वर्षांत हाली मागे पडली, आणि कल्दार अंगवळणी पडतो न पडतो तोच नवे पैसे आले. उर्दूचे प्राबल्य असलेल्या शाळांतून मराठीकडे वळणारी ही मुले १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. विदर्भातील मुलांचा अभ्यासक्रम १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा होता. गोव्यातील मराठी मुलांची गोष्ट आणखी निराळी: तेथे सोळा टांग्यांचा रुपिया होता, १९५९ मध्ये एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने पोर्तुगीज एस्कुदो आला, आणि डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया, पुढे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. औरंगाबाद, अमरावती, सातारा आणि फोंडा येथील समवयस्क माणसे आज ‘आमच्या वेळची शाळा’ असे एकच शब्द वापरत असली, तरी त्या शब्दांमागची शाळा एक नव्हती.

वर्गातील वस्तूंचा क्रमही याच वेगाने बदलला. लाकडी चौकटीची दगडी पाटी, मग टाक आणि दौत, मग शाईचे पेन, आणि अखेर बॉलपेन, ज्याने अक्षर बिघडते अशा समजुतीने अनेक शिक्षकांनी त्याला वर्षानुवर्षे वर्गात मज्जाव केला होता. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योगाच्या कल्पनेमुळे, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या विचारामुळे, कित्येक प्राथमिक शाळांत टकळीवर सूत कातण्याचा तास असे. पेळू, टकळी आणि तुटणारा धागा हे शब्द या पिढीच्या बोलण्यात हमखास येतात आणि तिच्या धाकट्या भावंडांच्या बोलण्यात येत नाहीत. मोडी लिपीही याच सुमारास शाळांतून मागे पडली, आणि तिच्याबरोबर घरातील जुने कागद वाचण्याची सोय गेली. पाठ्यपुस्तके आधी खाजगी प्रकाशकांची असत. आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेचे नाव त्यांत अग्रभागी होते. पुढे २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकच पुस्तक आले. वर्ष संपले की पुस्तके निम्म्या किमतीत खालच्या वर्गातील मुलाला विकायची, त्यामुळे एका पुस्तकावर तीन-चार नावे खोडलेली असत.

इंग्रजीचा प्रश्न या पिढीच्या आत्मकथेत सर्वांत नाजूक आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात प्राथमिक टप्प्यावरील इंग्रजी काढून ते आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आले. मातृभाषेत विचार पक्का व्हावा हा त्यामागचा हेतू चांगला होता आणि त्याची फळेही दिसतात: या पिढीचे मराठी लेखन, मराठीतील विज्ञानाची आणि कायद्याची तिची समज, तिने चालवलेली ग्रंथालये आणि व्याख्यानमाला हे सर्व त्या पायावर उभे आहे. परंतु अकरावीनंतर महाविद्यालयात गेल्याबरोबर विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी इंग्रजीतून आली, चार वर्षांच्या इंग्रजीवर ती पेलावी लागली, आणि ग्रामीण भागातील अनेक हुशार मुले तेथे अडखळली. ज्या पिढीने हा त्रास सोसला तिनेच आपल्या नातवंडांना इंग्रजी माध्यमात घातले, आणि जून २००० पासून सरकारी मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. मेळाव्यात मराठी शाळेचे गोडवे गाणारा आणि घरी नातवाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवणारा माणूस एकच असतो. त्याला दांभिक ठरवणे अन्यायाचे आहे, कारण दोन्ही गोष्टी तो आपल्या अनुभवाला स्मरूनच करतो.

या स्मृतीतून काय गळते तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता सुमारे ३५ टक्के होती. म्हणजे मॅट्रिकचा वर्ग हा समाजाचा नमुना नव्हता, निवडून उरलेला थर होता. पहिलीच्या पटावर असलेली बहुतेक नावे अकरावीच्या पटावर नसत. भावंडे सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी, सालगडी म्हणून लागलेला मुलगा, गावात शाळा चौथीपर्यंतच म्हणून तेथेच थांबलेली अख्खी वस्ती, ही माणसे मेळाव्याला येत नाहीत, कारण त्यांची तुकडीच नाही. वर्गात कोण कोठे बसे आणि पाण्याच्या घागरीला कोणी हात लावायचा नाही याच्या आठवणी दलित लेखकांच्या आत्मकथनांत ठसठशीतपणे आलेल्या आहेत. वर्गमित्रांच्या भाषणांत त्या सहसा येत नाहीत. छडीविषयीही असेच म्हणावे लागते. अंगठे धरून उभे करणे, बाकावर उभे करणे, हिरव्या फोकाने हातावर वळ उठवणे, यांची वर्णने मेळाव्यांत हशा पिकवतात आणि ‘म्हणून आम्ही घडलो’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्या माराला भिऊन ज्यांनी शाळाच सोडली ते हा निष्कर्ष तपासून देण्यासाठी तेथे हजर नसतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली, ती उशिरा झाली असे म्हणणेच प्राप्त आहे.

उलट ज्या गोष्टींमुळे हा थर रुंदावला त्यांना मेळाव्यांत पुरेसे श्रेय मिळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची (स्थापना १९१९) वसतिगृहे आणि ‘कमवा व शिका’ योजना, पंजाबराव देशमुखांची अमरावतीची शिवाजी शिक्षण संस्था, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभे केलेले मिलिंद महाविद्यालय, आणि यशवंतराव चव्हाणांच्या काळातील ई.बी.सी. सवलत, म्हणजे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना मिळालेली फीमाफी, यांमुळे पहिल्यांदा शेतकऱ्याचे, कारागिराचे आणि मजुराचे मूल मोठ्या संख्येने मॅट्रिकच्या बाकापर्यंत पोचले. आज ज्या तुकड्यांचे मेळावे तालुक्याच्या आणि खेड्याच्या गावी भरतात, त्या तुकड्याच मुळी या प्रयत्नांतून निर्माण झालेल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात याच घरांतून खडी फोडण्याच्या कामावर आईवडील आणि सुट्टीत मुलेही गेली, मिलो ही आयात केलेली लाल ज्वारी आणि सुकडी हे पौष्टिक पिठाचे मिश्रण खाऊन दिवस काढले, आणि तशा वर्षांतही परीक्षा दिली. १९७५ च्या दोन्ही तुकड्यांच्या बोलण्यात हे वर्ष आपोआप येते, आणि येथे मात्र गोडव्याचा सूर नसतो.

शाळेबाहेरचे बदल या पिढीला मोठे वाटत असले तरी ते सर्वच पिढ्यांना वाटून आलेले आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एस.टी., परवाना काढून ऐकायचा रेडिओ, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई दूरदर्शन, तासन्‌तास वाट पाहायला लावणारा ट्रंक कॉल, आणि जुलै २०१३ मध्ये बंद झालेली तार यांच्या याद्या मेळाव्यांत हौसेने वाचल्या जातात. त्यांतून सोयी वाढल्याचे कळते, माणूस घडल्याचे फारसे कळत नाही. पावकी विसरावी लागणे आणि रेडिओ जाऊन दूरदर्शन येणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत, कारण पहिलीत माणसाच्या अंगची विद्या गेली आणि दुसरीत घरातील एक वस्तू बदलली.

मेळाव्याच्या शेवटी शाळेला देणगी देण्याची रीत आहे. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, संगणक, पडदा, कधी प्रवेशद्वाराची कमान. ही कृतज्ञता खरी आहे आणि शाळांना तिची गरजही आहे, विशेषतः जेथे पट घसरून तुकड्या बंद पडत आहेत तेथे. परंतु त्याच शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत जनरल रजिस्टरे, हजेरीपट, निरीक्षकांच्या शेऱ्यांची पुस्तके आणि जुनी पाठ्यपुस्तके वाळवीच्या तोंडी पडलेली आहेत, आणि शाळेच्या इमारती पाडून नव्या बांधताना ती सर्वांत आधी रद्दीत जातात. आणे-पै शाळेत शिकलेली माणसे आज सत्तरीच्या उत्तरार्धात किंवा त्यापुढे आहेत. तेव्हा मेळावे भरवणाऱ्यांनी तीन कामे अवश्य करावीत: देणगीतील थोडा भाग या दप्तरांची छायाचित्रे घेऊन ती जपण्यासाठी राखून ठेवावा, आणि ज्यांना पावकीपासून औटकीपर्यंतचे पाढे, मापांची कोष्टके व आण्यांचा तोंडी हिशेब अजून येतो त्यांना भाषणाऐवजी तो म्हणायला सांगून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावा, आणि त्याबरोबर पहिलीच्या पटावरच्या पण अकरावीपर्यंत न पोचलेल्या नावांपैकी जे गावात आहेत त्यांनाही बोलावून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे.